लाकूड खोटं बोलत नाही

भिंग कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीकडे बघायचा, मग माणसांकडे. घरातली बाई पाण्याचा पेला पुढे करून उभी आहे आणि हा गृहस्थ तिच्या डोक्यावरून मान उंच करून घड्याळ न्याहाळतो आहे, हे दृश्य त्याच्या ओळखीपाळखीच्या सगळ्या घरांनी पाहिलेलं होतं. एकदा तो एका आजारी स्नेह्याला भेटायला गेला आणि खोलीत पाऊल टाकताच म्हणाला, "वरचं खोकं तेवढं जुनं राहिलंय. आतलं सगळं बदललेलं आहे." तो बोलत होता पलंगावरच्या भिंतीवर टांगलेल्या घड्याळाबद्दल. पण पलंगावर पडलेल्या माणसाचं आठवड्यापूर्वीच हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. बायकोनं परतताना जिन्यातच त्याला फैलावर घेतलं.

भिंग हे काही त्याचं खरं नाव नव्हे. धंदा चष्म्याचा. बाजाराच्या वळणावर अरुंद आणि लांबट दुकान, दोन्ही बाजूंना आरसे, आणि डाव्या खिशात कायम एक लहानसं भिंग. त्या भिंगानं तो आठवडाभर चष्म्याच्या काड्यांचे स्क्रू बघायचा आणि सुटीच्या दिवशी लोकांची घड्याळं. घरात स्वतःची एकोणीस घड्याळं होती, सगळी भिंतीवरची, सगळी जुनी इंग्रजी. एकोणीस घड्याळं एकमेकांशी कधीच सहमत नसत. त्यामुळे नक्की किती वाजले हे बघायला त्याची बायको शेजारणीकडे जायची.

अस्सल इंग्रजी घड्याळ ओळखायचं कसं, असं त्याला कुणी विचारलं की अर्धा तास गेलाच म्हणून समजा. आधी उचलून बघा, म्हणायचा; आतलं पितळ जाड, त्यामुळे ते हाताला ओढतं. मग आत डोकावा. तिथे शंकूसारखी एक चरकी असते आणि तिच्यावर साखळी नाहीतर आतड्याची बारीक तात गुंडाळलेली असते. चावी दिल्यावर स्प्रिंगचा जोर पहिल्या दिवशी जास्त आणि आठव्या दिवशी कमी; तो सारखा करायचं काम त्या चरकीचं. आणि तबकडीवरच्या नावाला तर मुळीच भुलू नका. ते नाव बहुतेक वेळा विकणाऱ्या दुकानदाराचं असतं, करणाऱ्याचं नव्हे, आणि खोटं नाव रंगवायला कितीसा रंग लागतो?

पण त्याचा खरा हातखंडा होता तबकडीच्या मागे. या गोल घड्याळांत यंत्र तबकडीला पकडलेलं असतं, आणि तबकडी लाकडी कड्यावर तीन स्क्रूंनी, दर तबकडीला वेगळ्याच अंतरांवर, बसवलेली असते. तबकडी उतरवली आणि कड्यावर त्या तीन भोकांखेरीज आणखी बुजवलेली भोकं सापडली, की समजायचं, इथे पूर्वी दुसरी तबकडी होती, म्हणजेच दुसरं यंत्र होतं. कुणीतरी एकाचं धड आणि दुसऱ्याचं डोकं जोडून अस्सल म्हणून गळ्यात मारलं आहे. जुन्या घड्याळांचा नाद असलेली मंडळी याला जोडकाम म्हणतात. ज्याच्या घड्याळाला हा शब्द लागला त्याचा चेहरा बघवत नाही, आणि ज्यानं ते विकलं त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा कुणी चढत नाही.

हे सगळं त्याला शिकवलं होतं त्याच्या थोरल्या भावानं. दादा त्याच्याहून सात वर्षांनी मोठा, घड्याळं दुरुस्त करणारा. माणूस बोलायला कमी आणि कामाला वाघ. वडील लवकर गेले, तेव्हा दादानं शाळा सोडून त्यांच्या जागी दुकानात बसायला सुरुवात केली आणि धाकट्याला शिकवलं. धाकटा कॉलेज संपल्यावर वर्षभर त्याच्याच हाताखाली बसला आणि मग चष्म्याचं शिक्षण घ्यायला दुसऱ्या शहरात गेला. दादाची दृष्टी हातात होती आणि भिंगची जिभेवर, असं त्यांची आई म्हणायची. दादा एखादं घड्याळ उघडायचा, बघायचा, मिटायचा आणि कामाला लागायचा. भिंग तेच घड्याळ बघून तासभर बोलायचा.

आता ती गोष्ट सांगायलाच हवी, जिच्यामुळे भिंगचं नाव झालं.

गावात जुन्या घड्याळांचं एक मंडळ होतं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी जमायचं. अध्यक्षपदी एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे बाई म्हणत. अकरा वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी दातांच्या एका डॉक्टरांनी नवीनच घेतलेलं घड्याळ टेबलावर ठेवलं. गोल, काळपट लाकडी कडं, पांढरी तबकडी, निळसर झाक असलेले काटे. भिंगनं उचललं, जोखलं, आत डोकावला, खूश झाला. मग त्यानं तबकडी उतरवली आणि कड्यावरून अंगठा फिरवला. तीन जागी अंगठा अडला. तीन भोकं बुजवलेली होती, इतकी सफाईनं की भिंगाखेरीज दिसली नसती.

"जोडकाम," तो म्हणाला.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "अहो, पण हे मी तुमच्या दादांकडूनच घेतलंय."

दादा मागच्या रांगेत बसला होता, मांडीवर पिशवी घेऊन. भिंगला त्या क्षणी थांबता आलं असतं. घरी नेतो, पुन्हा नीट बघतो, असं म्हणता आलं असतं. पण खोलीत तीस माणसं होती, पहिल्या रांगेत त्याचे सासरे होते, आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या. त्याच्या अंगात काय शिरलं कोण जाणे. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं? माणूस खोटं बोलेल. लाकूड खोटं बोलत नाही."

दादा पुढे आला. त्यानं कड्यावरच्या त्या तीन जागांवरून अंगठा फिरवला आणि भिंगकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग एवढंच म्हणाला, "मी आतलं काही बदललेलं नाही."

"मग ही भोकं कसली?" भिंगनं विचारलं.

दादा काही बोलला नाही. पिशवी उचलून जिना उतरून गेला. आणि तीस माणसांनी त्या गप्प बसण्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

त्या दिवसापासून भिंगचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ झाली. जो भावाची भीड ठेवत नाही तो आपली काय ठेवणार, म्हणून लोक लांबलांबून घड्याळं घेऊन यायला लागले. वर्तमानपत्रात फोटो आला. इकडे दादाच्या दुकानात जुनं घड्याळ येणं बंद झालं. आतलं बदलतो अशी ज्याची ख्याती, त्याच्याकडे आजोबांचं घड्याळ आठवडाभर कोण ठेवणार? ज्या बाकावर त्यानं शंभर वर्षांची यंत्रं उलगडून पुन्हा मांडली होती, तिथे बसून तो मनगटी घड्याळांचे सेल बदलायला लागला. पट्टे लावायला लागला. भिंगला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण केल्या चुकीची शिक्षा भोगतोय बिचारा, अशा थाटाचं ते वाईट वाटणं होतं. वहिनी तर भेटली की खाल मानेनं म्हणायची, "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं नाही." आणि भिंग मोठेपणानं म्हणायचा, "जाऊ द्या वहिनी, माणूस आहे, होतं एखाद्या वेळी."

हे वाक्य आता त्याला आठवलं की तो जिथे असेल तिथे डोळे मिटून घेतो.

यंदा दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. वय झालं होतं, मुलीकडे राहायला निघाले होते. जाण्याआधी ते चष्म्याच्या दुकानात आले, हातात चादरीत गुंडाळलेलं ते घड्याळ. "इतकी वर्षं अडगळीच्या खोलीबाहेर टांगलं होतं," ते म्हणाले. "चावीही दिली नाही कधी. तुमच्याच तोंडून खोटं ठरलं, तुम्हीच ठेवा. सुट्या भागांना उपयोगी पडेल."

भिंगनं ते घरी आणून जेवणाच्या टेबलावर उघडलं. खरोखर सुटे भाग करायचाच विचार होता. काटे काढले, तबकडी उतरवली, कडं मोकळं केलं. आणि सवयीनं, नुसत्या सवयीनं, टिपण ठेवावं म्हणून एक कागद तबकडीवर ठेवून तीन भोकांच्या जागा टोचून घेतल्या आणि बारा आकड्यापाशी खूण केली. तो कागद कड्यावर ठेवला. तीन टोचे तीन स्क्रूंच्या भोकांवर बरोबर बसले. बसणारच होते.

पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडाला आणि टेबलावर उलटा पडला. भिंगनं तो तसाच उचलून पुन्हा कड्यावर ठेवला, बारा आकड्याची खूण वर धरून. आणि तीन टोचे त्या तीन बुजवलेल्या भोकांवर बसले. थोडे इकडे नाहीत, थोडे तिकडे नाहीत. बरोबर मधोमध.

तो खुर्चीत बसला. दुसऱ्या घड्याळाची तबकडी असती तर तिची भोकं कुठेही असती; याच तबकडीच्या उलट्या प्रतिमेवर ती कशी पडतील? ती दुसऱ्या कुठल्या तबकडीची नव्हतीच. याच तबकडीसाठी कुणीतरी कागदावर नमुना घेतला होता, आणि कागद उलटा ठेवून भोकं पाडली होती. शिकाऊ माणसानं केलेली घोडचूक. तबकडी पालथी घालून मागून नमुना घ्यायचा आणि मग कागद पलटायला विसरायचं.

कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून त्यानं बुजवलेल्या भोकांभोवतालचं पॉलिश पुसलं. खालचं लाकूड उघडं पडलं आणि ओल्या जागेवर जांभळा रंग फुटला. तीन लहान वर्तुळं, प्रत्येकात फुली, आणि बाजूला एक, दोन, तीन असे आकडे. तिनाचं शेपूट लांब, उजवीकडे वळवलेलं. असं तीन त्याच्या घरात एकच माणूस काढायचा. शाळेत त्यावरून मार खाल्ला होता आणि तरी सोडलं नव्हतं. आजही चष्म्याच्या दुकानातल्या पावत्यांवर तेच तीन असायचं.

मग सगळं आठवलं. सदतीस वर्षांपूर्वीची दुपार. छापखान्यातलं घड्याळ, यंत्रांच्या हादऱ्यानं स्क्रूंची भोकं सैल झालेली. दादा म्हणाला होता, जुनी भोकं लाकडानं बुजव आणि त्याच जागी नवीन पाड. भिंगनं बुजवली, ओलावा लागला की जांभळी उमटणाऱ्या पेन्सिलीनं खुणा केल्या, घाईघाईनं भोकं पाडली आणि संध्याकाळच्या गाडीनं चष्म्याचं शिक्षण घ्यायला निघून गेला. त्या वर्षी दुकानात असली गोल घड्याळं डझनानं यायची. ते घड्याळ नंतर त्याच्या डोक्यातूनच गेलं. पुढे छापखाना बंद पडल्यावर दादानं ते विकत घेतलं असणार, आणि कालांतरानं डॉक्टरांना दिलं असणार.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे त्यानं गिऱ्हाइकांना चष्मा लावताना गमतीनं शंभरदा ऐकवलं असेल. आता गंमत वाटेना. बायकोनं विचारलं, "जेवायला टेबल मोकळं करताय ना?" त्यानं घड्याळ चादरीत गुंडाळलं आणि भूक नाही म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो दादाच्या दुकानात गेला. दादा एका बाईंच्या घड्याळात सेल घालत होता. चिमटा थरथरत होता. सेल दोनदा निसटला आणि तिसऱ्यांदा बसला. बाई गेल्यावर भिंग स्टुलावर बसला. कसं बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"दादा, ते छापखान्यातलं घड्याळ. डॉक्टरांचं."

"हं."

"ती भोकं मी पाडली होती."

दादानं चिमटा खाली ठेवला. "मग?"

"तुला माहीत होतं?"

"माहीत नसायला काय झालं? बुजवली कुणी?" दादा म्हणाला. "तू गाडीत बसून गेलास. सकाळी तबकडी लावायला घेतली, तर एक स्क्रू भोकाला लागेना. बघतो तर सगळं उलटं. बुजवली, पॉलिश मारलं, दुसरी पाडली. तुला पत्रातून कळवायचं म्हटलं तर तुझी तिकडे परीक्षा. राहून गेलं."

"अरे, मग त्या दिवशी का बोलला नाहीस?"

"काय बोलणार होतो? तीस माणसांत उभा राहून सांगू, की ही माझ्या भावाची चूक आहे आणि तिच्याच जोरावर तो मला लबाड ठरवतोय? लोक हसून हसून लोळले असते. तुझ्या सासऱ्यांसकट."

"हसले असते तर हसले असते!"

"हे आज म्हणतोस. तेव्हा तुझा तोरा काय होता तो आठव जरा." दादाच्या आवाजात राग नव्हता, ते जास्त लागलं. "मी विचार केला, माझ्या हातात काम आहे. लोक चार महिने बोलतील आणि विसरतील. तुझ्याकडे नुसता शब्द होता, धाकट्या. तो गेला असता तर परत मिळाला नसता." त्यानं काचेवरचा बोटाचा डाग पुसला. "लोक विसरतील हा माझा अंदाज तेवढा चुकला."

"नंतर तरी सांगायचंस. अकरा वर्षं, दादा."

"आलो होतो एकदा. दुसऱ्या वर्षी असेल. हातात काम उरलं नव्हतं, म्हटलं आता सांगून टाकावं. तुझ्या दुकानाच्या दारात आलो, तर तू एका गिऱ्हाइकाला तीच गोष्ट सांगत होतास. लाकडाची. रंगात आला होतास अगदी. मी परत फिरलो."

भिंगला रडू आलं. साठीला आलेला माणूस, पण लहान पोरासारखं आलं. दादानं ते बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि बाकाच्या खणात काहीतरी शोधायला लागला. मग म्हणाला, "आता कुठे बोलू नकोस. मंडळात नको आणि घरातही नको. माझे हात आता तसेही चालत नाहीत. उगाच तुझं नाव जायचं."

आणि इथेच भिंगची खरी लाज आहे. कारण हे ऐकल्यावर त्याला बरं वाटलं. डोळे ओले असतानाच आतून कुणीतरी हुश्श म्हणालं. पायरी उतरताना त्याला ते कळलं, आणि घरापर्यंत त्यानं स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण पहिल्या रविवारी तो मंडळात गेला तेव्हा गप्पच बसला. कुणीतरी एक घड्याळ आणलं होतं. त्यानं उचललं, जोखलं, तबकडी उतरवली, निकाल दिला. लोकांनी माना डोलावल्या. त्याला स्वतःचा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता.

मन खात राहिलं. अन्न गोड लागेना. लोकांच्या घरी गेला की आता तो खाली बघायचा. बायकोला ते पहिल्यांदा चांगलं लक्षण वाटलं, मग भीती वाटायला लागली. शेवटी एका दुपारी तिनं खोदून खोदून विचारलं आणि त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"दादा म्हणाले बोलू नकोस, म्हणून तुम्ही बोलणार नाही?"

"त्याचीच इच्छा आहे तशी."

"वा!" ती म्हणाली. "तेव्हा ते तुमच्यासाठी गप्प बसले. आता तुम्हीही तुमच्यासाठीच गप्प बसा. म्हणजे दोघांनीही एकाचंच भलं केलं असं होईल."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी भिंग ते घड्याळ आणि एक कोरा कागद घेऊन वाचनालयाचा जिना चढला. या वेळी चाळीस माणसं होती. डॉक्टरही निरोप घ्यायला म्हणून आले होते. त्यानं सगळ्यांसमोर तबकडी उतरवली, कागदावर टोचे घेतले, कागद सरळ ठेवला, मग उलटा ठेवला. जांभळ्या खुणा दाखवल्या. खिशातून आपल्या दुकानाची पावती काढून त्यावरचं तीन दाखवलं. म्हणाला, "हे जोडकाम नाही. घड्याळ अस्सल आहे, आतून आणि बाहेरून. भोकं मी पाडली होती. माझ्या भावानं ती बुजवली, माझी चूक झाकली, आणि मी त्याला इथे, याच टेबलापाशी, लबाड ठरवलं. त्याचा धंदा बुडाला. तो माझ्यामुळे बुडाला."

भिंग वाट बघत होता. लोकांनी बोलावं, दोन शब्द लागतील असे सुनवावेत, उठून जावं. काहीही चाललं असतं. मग मंडळाच्या अध्यक्ष बाई उठल्या. "आपली चूक अशी चारचौघांत सांगायला फार मोठं मन लागतं," त्या म्हणाल्या. आणि टाळ्या वाजायला लागल्या.

"टाळ्या नका वाजवू हो," भिंग म्हणाला. लोकांना तो विनय वाटला. जास्तच वाजल्या. मागून कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, "भाऊ असावा तर असा." ते भिंगबद्दलच म्हणालं होतं. दोघांनी येऊन हात दाबला, एकानं पुढच्या महिन्यात आपलं घड्याळ बघायला यायचं आमंत्रण दिलं. भावाबद्दल विचारलं ते एकट्या डॉक्टरांनी. "दादा अजून काम करतात का हो?" भिंग म्हणाला, "सेल बदलतो." डॉक्टरांनी घड्याळाच्या कड्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

तिथून तो तडक दादाच्या घरी गेला. दादाला आधी आपल्याच तोंडून कळावं असं त्याला वाटत होतं. दार वहिनीनं उघडलं. पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता, तिच्या हातात दादाचा अर्धवट घडी घातलेला शर्ट.

"ते केस कापायला गेलेत, येतीलच," ती म्हणाली. मग तिची नजर चादरीतल्या गोल वस्तूवर गेली आणि चेहरा बदलला. "भाऊजी, हे कशाला आणलंत परत? त्यांना बघवणार नाही. झालं एकदा हातून, किती वर्षं उगाळायचं?"

"वहिनी, बसा जरा."

ती बसली. भिंगनं सांगितलं. कागद, भोकं, जांभळी पेन्सिल, छापखाना, सगळं. वाचनालयात जसं सांगितलं तसंच, फक्त इथे टाळ्या नव्हत्या. शर्टाच्या बाहीचं बटण तेवढं ती लावत होती, काढत होती, लावत होती.

"म्हणजे ह्यांनी काही केलंच नव्हतं?"

"नाही वहिनी."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. दादानं तुम्हालाही सांगितलं नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, निदान घरात तरी..."

"सांगितलं असतं तर मी तुमच्या दारात येऊन भांडले असते," ती म्हणाली. "ते त्यांना माहीत होतं." मग तिनं शर्ट मांडीवर ठेवला. "त्याच आठवड्यात मी विचारलं होतं त्यांना. म्हटलं, केलं असेल तर मला तरी सांगा, मी कुणाला बोलणार नाही. ते म्हणाले, नाही केलं. एकदाच म्हणाले. आणि मी काय म्हटलं माहीत आहे, भाऊजी? मी म्हटलं, मग तुमचा सख्खा भाऊ कशाला खोटं बोलेल?"

भिंग खाली बघून चादरीचं टोक सारखं करत राहिला.

"त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही," वहिनी म्हणाली. "माझ्या वडिलांचं घड्याळ बंद पडलं होतं, आठवतं? मोठं होतं, भिंतीवरचं. मी ते माझ्या भावाकडून दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडे पाठवलं. ह्यांना न सांगता. घरात घड्याळं दुरुस्त करणारा नवरा असताना. दोन दिवसांनी भिंतीवरची रिकामी जागा बघून ते म्हणाले, बरं केलंस. एवढंच म्हणाले."

जिन्यात पावलं वाजली. सावकाश, एकेका पायरीवर थांबत. दोघांनाही ती ओळखीची होती. वहिनी उठली, शर्टाची घडी नीट केली, पदरानं तोंड पुसलं आणि दाराकडे जाता जाता मधेच थांबली.

"भाऊजी, तुम्ही तुमचं सांगून मोकळे झालात," ती हळू आवाजात म्हणाली. "मी आता ह्यांना काय सांगू?"

बाहेरून दादानं कडी वाजवली.